मल्लेशचं आहे, हात लावू नका

रविवारी साडेनऊला कोरबा मिठागरच्या समाजमंदिराचं
कुलूप मी उघडते. आत सहा कॉम्प्युटर.
त्यातले चार चालतात, पाचवा
लहर लागली तर.
पोर्टाच्या ऑफिसात मी तीस वर्षं टाइप केलं,
शेवटची दहा असल्याच यंत्रावर,
म्हणून वस्ती मला कॉम्प्युटरवाल्या बाई म्हणते.
मी दुरुस्त करत नाही.

जूनमध्ये ही पोरं आठवीत गेली, हायस्कुलात.
सातवीपर्यंत म्युनिसिपालिटीची शाळा. तिथे लॅब होती,
लॅबला कुलूप होतं,
किल्ली घाडीगावकर सरांकडे
आणि सर इलेक्शन ड्युटीवर.
आता नव्या बाई म्हणतात, हे तर तुम्हाला येतच असेल,
आणि पान उलटतात.
त्या उलटलेल्या पानावर माझा रविवार.

पहिल्या दिवशी सुमेधने मॉनिटरवर बोट ठेवून
वर सरकवलं. काही हललं नाही,
काचेवर फक्त एक तेलकट रस्ता उमटला.
मग त्याने माउस उचलून हवेत फिरवला.
कोणी हसलं नाही,
कारण हसायला आधी बरोबर काय ते माहीत हवं.

इक्राने विचारलं, अक्षरं अशी विस्कटून का ठेवलीत?
मला माहीत होतं, म्हणजे सांगतात ते माहीत होतं:
जुन्या मशीनच्या दांड्या एकमेकीत अडकायच्या.
तिने ऐकून घेतलं.
"आता तर दांड्या नाहीत ना?"

नाहीत.

'पुन्हा पुन्हा' शिकवताना माझी पंचाईत झाली.
पडद्यावरचं मांजर दहा पावलं जाऊन थांबायचं.
मल्लेश म्हणाला, पप्पा लादी बसवतात तसं का?
दोरी बघ, माल टाक, लादी ठेव, ठोक.
दोरी बघ, माल टाक, लादी ठेव, ठोक.
"आणि थांबायचं कधी?"
"भिंत आली की."
मी फळ्यावर तेच लिहिलं.
त्या दिवशी सगळी मांजरं भिंतीपर्यंत गेली,
सुमेधचं भिंतीतून पलीकडे.

सेव्ह करायचं तर नाव द्यावं लागतं, म्हटलं.
सुमेधने दिलं: सुमेध एक.
इक्राने: मांजर, इक्रा, आठवी क.
मल्लेश एका बोटाने बराच वेळ मारत बसला,
इंग्रजी अक्षरांत, मराठी:
मल्लेशचं आहे हात लावू नका.
घरी सात जण, खोली एक,
दप्तरसुद्धा मोठ्या भावाचं.

गणपतीत हॉल मंडळाकडे होता.
परत उघडला तर खुर्च्यांच्या खाचांत गुलाल,
आणि कुणा हुशार कार्यकर्त्याने
सगळ्या मशिनी साफ करून दिलेल्या,
फुकट, वर निरोप, की बाई, आता फास्ट चालतील.
पडदे निळे. एकावरही काही नाही.
मल्लेशने फोल्डर उघडलं, बंद केलं, उघडलं.
"कुठे गेलं असेल?"
मी काय सांगणार.
तीस वर्षांची माझी पत्रं कुठे गेली
तेही मी कधी विचारलं नाही.
कार्बनच्या दिवसांत निदान बोटं तरी काळी व्हायची.

इक्राने गणिताची वही काढली. मागचं पान.
पेन्सिलीने, ओळीखाली ओळ,
तिचं, सुमेधचं, मल्लेशचं,
सुमेधची चूक जशीच्या तशी.
"घरी मशीन नाही, बाई. मी वहीत चालवते.
रात्री लाइट घालवली की."

मग एक वाचतोय, एक मारतोय,
तिसरा ओरडतोय, अरे कंस राहिला.
मी स्टुलावर बसून राहिले.
सव्वाअकराला मल्लेशचं मांजर भिंतीला टेकलं.
सेव्ह करताना त्याने नाव जुनंच ठेवलं,
शेवटी थोडी भर घातली:
वहीत पण आहे.